निवाऱ्याची मुदतवाढ

१२ फेब्रुवारी
अखेर कुंपण निघालं. तीन भावांचं जमिनीचं भांडण मिटलं, म्हणजे थोरल्यानं धाकट्याच्या दारात कोयता नाचवणं थांबवलं, आणि तिनाबानच्या वादळ निवाऱ्याची जागा आमच्या ताब्यात आली. करारात ती नाताळाआधीच मिळायची होती. आमच्या ठेकेदार कंपनीचे लाकाबा सर सकाळी ताक्लोबान शहरातून आले, गाडीतून अर्धेच उतरून जागा पाहिली आणि मला म्हणाले, "मेर्लिंदा, हा उशीर नगरपालिकेचा. आपला नाही. आधी नोटीस दे, पाया मग खण."

नोटीस दुपारीच दिली. इतकी वर्षं मी सरांकडे ऑफिसात बसून हेच करत आले आहे. उशीर कुणामुळे झाला, त्याची मुदतवाढ किती, भरपाई किती. डिग्री इंजिनियरची असली तरी प्रत्यक्ष कामावर राहायची ही पहिलीच वेळ. कामाचं सगळं मुकादम मानो सिंतो बघतात, कागदाचं मी.

राहायला गावच्या प्रमुखबाईंकडे, कपिताना आदेल्फा गाचोंकडे, माडीवरची खोली मिळाली. खाली त्यांची खानावळ. नवरा, बर्तिंग, पूर्वी होड्या बांधायचा. आता अर्ध्या अंगावरून वारं गेलंय. खिडकीत खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हसतो.

कपितानांनी भात वाढता वाढता विचारलं, "कधी होणार गं, इंदाय?" इथे लाडक्या पोरीला इंदाय म्हणतात.

"ऑगस्टमध्ये, कपिताना."

"ऑगस्ट चालेल. नोव्हेंबरच्या आत झालं म्हणजे झालं." मग नवऱ्याच्या तोंडात घास देत म्हणाल्या, "मागच्या मोठ्या वादळात याला मी पाठीवर घेतला असता. आता नाही झेपायचा."

४ एप्रिल
खांब वर आले. मानो सिंतो खांबांवर रोज सकाळी पाणी मारतात आणि पोरांना शिव्या घालतात. मला इथे करमायला लागलंय.

आज नगरपालिकेचे इंजिनियर ओबिना आले. घामाघूम, खांद्यावर नकाशांची नळी. वाऱ्याचे नवे नियम आलेत म्हणे. छपराच्या लोखंडी कैच्या आता जास्त जड करायच्या, आणि त्यांना एकमेकींशी जोडणारे तिरके गजही वाढवायचे. नवे नकाशे पूर्ण व्हायला वेळ लागेल. तोवर छपराचं काम बंद.

"माझा नाइलाज आहे हो," ते म्हणाले. "छप्पर उडालं तर लोक मला धरतील."

सरांना फोन केला. वाटलं होतं चिडतील. तर म्हणाले, "देव पावला! बंद ठेवायचा हुकूम लेखी घे. सही-शिक्क्यासकट."

घेतला.

२० मे
ताक्लोबानला ऑफिसात जाऊन आले. सरांनी जेवायला नेलं, खेकडा मागवला. दाव्याचा कच्चा मसुदा वाचून खूश झाले. मला एक गोष्ट नीट कळत नव्हती ती त्यांनी समजावली. नगरपालिकेमुळे काम थांबलं असताना त्याच काळात आपल्याकडूनही कशात उशीर झाला, तरी मुदत मिळतेच. त्यांचा उशीर मोठा असला की आपला त्याच्या पोटात जातो. "म्हणून त्यांचा उशीर जपायचा असतो," सर म्हणाले. "बाळासारखा."

मी हसले. सरांचं डोकं खरंच चालतं.

आमची क्रेन दुरुस्तीला ताक्लोबानला नेली आहे. ती इथल्या कामासाठीच राखीव असल्यामुळे तिचं उभं भाडं, म्हणजे काम बंद असताना ती नुसती उभी राहिल्याचं भाडं, भरपाईत मागायचं ठरलं. परतताना बसमधून नव्या मॉलचं काम दिसलं. तेही आमच्याच कंपनीचं. छप्पर भराभर चढतंय. तिथे अगदी आमच्यासारखी पिवळी क्रेन आहे. सरांनी तशीच दुसरी भाड्यानं घेतली असणार.

९ जून
सहाही वेल्डर आज गेले. छपराचं काम बंद, मग त्यांना बसवून पगार का द्यायचा, असं सरांचं म्हणणं. बरोबरच आहे. मी नोंद केली: "नकाशांअभावी काम थांबल्यामुळे वेल्डरांना हलवावे लागले." या एका वाक्यानं दावा आणखी पक्का होतो.

मानो सिंतोंनी विचारलं, "परत येतील ना, माम?"

"नकाशे आले की येतील."

"वेल्डर म्हणजे मांजर, माम. एकदा दुसऱ्या घरचं दूध लागलं की..." ते खांबांकडे निघून गेले.

३ जुलै
मुदतवाढ मंजूर!! मागितली तेवढी सगळी. आता काम ऑक्टोबरअखेर संपवायचं, तोवर एक पेसोचाही दंड नाही. भरपाईचा निर्णय नंतर. सरांनी फोनवर सगळ्या ऑफिसला टाळ्या वाजवायला लावल्या. आईला फोन करून सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण ती रडली.

धावत खाली खानावळीत आले. कपिताना मासे साफ करत होत्या.

"कपिताना, मुदत मिळाली!"

"कसली?"

"निवाऱ्याची. आता ऑक्टोबरअखेरपर्यंत."

त्यांची सुरी थांबली. "ऑगस्ट म्हणाली होतीस."

"हो, पण उशीर आमच्यामुळे नव्हता ना. जागा उशिरा मिळाली, नकाशे बदलले. म्हणून नगरपालिकेनं वेळ वाढवून दिला."

"कुणाचा वेळ?"

मला प्रश्न समजला नाही. मी पुन्हा सगळं समजावलं. त्या ऐकत होत्या आणि खवले काढत होत्या. शेवटी म्हणाल्या, "देताना आम्हाला कुणी विचारलं नाही, एवढंच." मग नेहमीसारखं जेवायला वाढलं. थोडं वाईट वाटलं. इतकी खटपट करून मिळवलेली गोष्ट. गावाला आनंद होईल असं वाटलं होतं.

१८ ऑगस्ट
नकाशे येऊन बरेच आठवडे झाले. वेल्डर आले नाहीत. सर म्हणतात लोखंडाचा भाव उतरू दे. तोवर पावसाच्या दिवसांची मुदत मागायला सांगितली आहे.

मानो सिंतो म्हणाले, "पाऊस कुठाय, माम? गेल्या वर्षी याच्या दुप्पट होता."

पण विमानतळावरच्या हवामान केंद्राच्या नोंदी मागवल्या, तर तिथे बराच पडलाय. करारात तीच नोंद धरतात. खोटं काहीच नाही.

३० सप्टेंबर
मॉल वेळेआधी पुरा झाला. मालकानं सरांना बक्षीस दिलं आणि सरांनी आम्हा सगळ्यांना महिन्याचा जादा पगार. माझ्या पगारातून आईच्या मोतीबिंदूचं होईल. सरांबद्दल कुणी काही बोलो, माणसांना ते विसरत नाहीत.

वेल्डर आले, पण दोनच. बाकीचे मॉलमधली शेवटची किरकोळ कामं आटोपतायत. क्रेनही आली, नवीन रंग लावून. कैच्या चढायला लागल्या.

१ नोव्हेंबर
पितरांचा दिवस. सगळं गाव कब्रस्तानात. मेणबत्त्या, भाताचे गोड गोळे, पत्ते. कपितानांनी मलाही नेलं. मोठ्या वादळात गेलेल्यांची एक वेगळी रांग आहे, पांढरे क्रूस, बरेचसे लहान. बर्तिंगला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. त्यानं माझा हात धरून निवाऱ्याकडे बोट केलं आणि काहीतरी विचारलं. त्याची जीभ वळत नाही. कपितानांनी सांगितलं, "विचारतोय, छपराची होडी उलटी का ठेवलीय?" दोघं पोट धरून हसले.

कैच्या सगळ्या चढल्यात. तिरके गज लावायचेत. पत्रे अर्धे. दुसरी मुदतवाढ परवाच मंजूर झाली, डिसेंबरअखेरपर्यंत.

५ नोव्हेंबर
वादळ थेट इकडेच येतंय. उद्या पहाटे. काल तीन नंबरचा इशारा होता, आज चार.

सकाळी कपिताना गावातल्या वीसेक माणसांना घेऊन साइटवर आल्या. "दार उघड, इंदाय. भिंती झाल्यात, वर कैच्या आहेत. शाळेपेक्षा बरं."

मी सरांना फोन लावला. सर म्हणाले, "अजिबात नाही. आत कुणाला काही झालं तर आपण अडकू. शिवाय आत माल आहे." त्यांचं कारण मला आवडलं नाही. पण मी वर बघत होते. कैच्या एकेकट्या उभ्या होत्या, पत्त्यांसारख्या. त्यांना एकत्र धरणारे गज खाली ढिगात पडलेले. मी मानो सिंतोंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

"कपिताना, हे छप्पर धरणार नाही," मी म्हणाले. "पहिली कैची पडली की सगळ्या पडतील. शाळेत जा."

"शाळा माझ्या लग्नाच्या आधीची आहे."

"तरीही."

त्यांनी वर कैच्यांकडे पाहिलं. "तू इंजिनियर आहेस. तू म्हणतेस तर शाळेत." त्या मागे वळल्या आणि माणसं त्यांच्या मागून गेली. मला वाटलं त्या भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मीही शाळेतच जाते. मानो सिंतो क्रेनचा हात खाली बांधतायत.

९ नोव्हेंबर
लिहायला कागद कोरडा नव्हता.

पहाट झाली तेव्हा वाऱ्याचा आवाज बदलला. आधी शिट्टी होती, मग जमिनीखालून यंत्र चालल्यासारखा. शाळेच्या दोन वर्गांत अख्खं गाव बसलं होतं. आम्ही बाकं दारांना लावून त्यांना पाठ टेकून बसलो होतो. पत्रे एकेक करून गेले, मग पाऊस आडवा आत आला. समुद्राकडची भिंत पडताना आवाज असा झालाच नाही, किंवा ऐकू आला नाही. ती नुसती आत झुकली. तिच्याजवळचे पळाले. ज्यांना पळता येत होतं ते.

बर्तिंग भिंतीच्या आडोशाला होता, खुर्चीत, सगळ्यात सुरक्षित कोपऱ्यात. आम्हीच ठेवला होता. कपिताना त्याला ओढत होत्या, मी दुसरा हात धरला होता. तो हात लुळाच होता.

चौघे गेले. बर्तिंग, एक म्हातारी, तिची नात, आणि मासे विकणारा लिनो.

उजाडल्यावर निवाऱ्याकडे गेलो. छप्पर आत कोसळलं होतं. कैच्या सगळ्या एका बाजूला, एकीवर एक. मी म्हटलं होतं तश्शाच.

१२ नोव्हेंबर
बर्तिंगला पुरलं. शव ओलंच होतं. काहीच वाळत नाही.

पुरून परत येताना माणसं माझ्याजवळ थांबत होती. एका बाईनं माझे हात कपाळाला लावले. "तुम्ही अडवलं म्हणून वाचलो. आत असतो तर अख्खं गाव गेलं असतं." पाद्रींनी प्रार्थनेत माझं नाव घेतलं. मी जाऊन नळाजवळ बसले. नळाला पाणी नव्हतं.

सगळं खरं आहे. मी अडवलं म्हणून वाचले. पण गज खाली ढिगात का पडले होते, हे कुणी विचारत नाही.

१५ नोव्हेंबर
सर आले. सोबत तांदळाच्या गोण्या, पाण्याच्या बाटल्या, एक फोटोवाला. कोसळलेल्या कैच्या बघून शीळ घातली. "नैसर्गिक आपत्ती. यात आपल्याला मुदतही मिळते आणि दुरुस्तीचा खर्चही नगरपालिकेच्या माथी. अर्ज लगेच टाक." मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "मलाही वाईट वाटतं, मेर्लिंदा. पण वादळ मी आणलं नाही."

अर्जाला एक जोड लागेल: गावच्या प्रमुखाचा दाखला, की वादळापर्यंत ठेकेदाराची पूर्ण फौज कामावर होती आणि काम कधी रेंगाळलं नाही. तो मी आणायचा.

मी विचारलं, "वेल्डर जूनमध्ये कुठे गेले होते, सर?"

"काम बंद होतं. बंदचा हुकूम आहे तुझ्याकडे."

"नकाशे जुलैत आले."

"तू कुणाच्या बाजूची आहेस?" त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, जणू चहा घेणार का असं. पाच महिने मी ऑफिसातल्या कागदांवर जे बघत होते ते तिथे उभं राहून पहिल्यांदा दिसत होतं, आणि तरी मी गप्प राहिले.

१७ नोव्हेंबर
दाखला घेऊन कपितानांकडे गेले. खानावळीचं छप्पर नाही. ताडपत्रीखाली चूल चालू. मी वाचून दाखवला. 'पूर्ण फौज' हे शब्द भरभर उरकले.

"वेल्डर जूनमध्ये गेले," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"इथेच जेवून गेले. बर्तिंगनं त्यांना माडाची ताजी तुबा पाजली. कुठे चाललात विचारलं तर म्हणाले, ताक्लोबानला, मॉलच्या छपरावर. क्रेनही तिथेच म्हणाले." त्यांनी चुलीत लाकूड सारलं. "मी विचार केला, इंदाय इथे राहते, आमच्यात जेवते. तिनं पाठवलंय म्हणजे त्यात काहीतरी हिशोब असणार."

मला म्हणायचं होतं की मला ठाऊक नव्हतं. पण त्यांच्या जाण्याची नोंद मीच केली होती, आणि त्या वाक्यावर मी खूश झाले होते. बसमधून क्रेनही मीच पाहिली होती.

"नका करू सही," मी म्हटलं.

"नाही केली तर काय होईल ते सांग. तुला येतं ते."

मी सांगितलं. मुदत मिळणार नाही, दंड लागेल, सर काम सोडतील, करार मोडेल, कोर्टकज्जे. नवी निविदा निघून काम सुरू व्हायला दोन वर्षं, कदाचित जास्त.

"आणि केली तर?"

"मार्चपर्यंत पुरा होईल."

त्यांनी हात फडक्याला पुसले, कागद माझ्याकडून घेतला आणि घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. "जा, सांग तुझ्या सरांना. सहा वेल्डर. सहाच्या सहा. ते छपरावर चढलेले मला माझ्या डोळ्यांनी दिसले की सही करीन. आधी नाही."

"कपिताना, तुम्ही खोटं—"

"खोटं तुम्ही लिहिलंय. मला छप्पर पाहिजे."

सरांना फोन केला. ते हसले. "बाई हुशार आहे. निवडणुका जिंकणारी."

२१ नोव्हेंबर
ट्रकमधून वेल्डर आले. सहा. कपितानांनी खाली उभं राहून मोजले. वरून ठिणग्या पडायला लागल्यावर कागद काढला आणि वाळूच्या ढिगावर फळी ठेवून सही केली. मग वाचत बसल्या.

"यात बर्तिंगचं नाव कुठाय?"

"यात नावं नसतात, कपिताना. 'अपरिहार्य नैसर्गिक आपत्ती' एवढंच असतं."

"चौघांचंही तेवढंच?"

"हो."

कागद माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "महिनाअखेर खोली रिकामी कर. माझी बहीण यायचीय."

त्यांना बहीण नाही. मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे.

२३ नोव्हेंबर
भरपाईच्या दाव्यातून क्रेनचं उभं भाडं मी काढून टाकलं. सरांना कळवलं की ती इथे नव्हती. उत्तर नाही. अर्ज पाठवला. तो पाठवला नसता तर निवारा थांबला असता, असं मी स्वतःला सांगते. रोज सांगावं लागतं.

११ डिसेंबर
मंजूर. मार्चपर्यंत मुदत, वर भरपाई. आदेशाची प्रत वाचली. क्रेनचं भाडंही त्यात आहे. ऑफिसात कुणीतरी परत घातलं. सर फोनवर म्हणाले, "एक दिवसही कापला नाही गं. ओर्मोकच्या पुलाचं काम घेतोय, तिथे तूच पाहिजेस." मी निवारा पुरा झाल्यावर बघू म्हटलं. नाही म्हणायला हवं होतं.

साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत राहते. तिरके गज निम्मे लागलेत. मी रोज प्रत्येकाचा जोड हातानं तपासते. मानो सिंतो शिडी धरतात.

दुपारी कपिताना वेल्डरांसाठी भाताची परात घेऊन आल्या. ती माणसं तीच, जूनमध्ये त्यांच्याकडे जेवून गेलेली. त्यांना त्यांनी एकेकाला नावानं हाक मारून वाढलं. तरुण पोराला जास्तीचा मासा दिला. मी बाजूला खोलीच्या दारात होते. परात उचलून जाताना त्या माझ्यासमोर थांबल्या. तळाशी थोडा भात उरला होता.

"इंजिनियर," त्या म्हणाल्या, "तुम्ही जेवलात का?"

मी हो म्हटलं. जेवले नव्हते.